तापलेली गाय काय सांगते: उन्हाळ्यात गोठा थंड ठेवण्याचा क्रम

मार्च संपत आला की फॉगर बसवायची घाई सुरू होते. खर्च होतो, गोठ्यात धुकं उडतं आणि गाय तरीही धापा टाकत उभीच असते. उतरलेलं दूध काही चढत नाही. बहुतेक ठिकाणी दोष उपकरणाचा नसतो, क्रमाचा असतो. वर पत्रा तापलेला, वारा अडलेला, हौदातलं पाणी कोमट, आणि त्यावर हवेत आणखी ओलावा सोडलेला.

मोकळं जनावर आपलं तापमान बरंचसं वागण्यातून सांभाळतं. ऊन चढायच्या आत सावली गाठतं. सावलीतही वाऱ्याच्या तोंडी उभं राहतं. पाण्यापासून लांब जात नाही, चरणं पहाटेवर आणि रात्रीवर ढकलतं. म्हैस चिखल शोधते. दावणीला बांधलं की यातलं उभं राहणं आणि धापणं एवढंच त्याच्या हाती उरतं, बाकीचं आपल्याला करावं लागतं. खालचे टप्पे त्याच क्रमानं दिले आहेत: सावली, वारा, प्यायचं पाणी, अंगावर पाणी, मग चारा. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

## तयारी: फेब्रुवारीतच जमवायच्या गोष्टी

जनावरांचा थर्मामीटर, हवेचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, सेकंद काटा असलेलं घड्याळ आणि एक वही. एवढं सामान पुरतं. यंत्र जनावराच्या उंचीवर टांगा. पत्र्याखाली टांगलं तर आकडा पत्र्याचा मिळेल, भिंतीवर टांगलं तर भिंतीचा.

नुसत्या तापमानावर जाऊ नका. गाईला किती जड जातंय हे तापमान आणि आर्द्रता मिळून ठरतं. त्याचा निर्देशांक असा काढतात:

(१.८ × तापमान + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आर्द्रता) × (१.८ × तापमान − २६)

तापमान सेल्सिअसमध्ये, आर्द्रता टक्क्यांत. उत्तर ७२ च्या वर गेलं की संकरित गाईवर ताण सुरू झाला असं धरतात. जास्त दुधाच्या गाईला ६८ पासूनच. आता हिशेब करून बघा. चंद्रपूरकडे ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला निर्देशांक ८६ येतो. कोकणात ३३ अंश आणि ७५ टक्क्यांना ८७. म्हणजे ‘आमच्याकडे कुठे एवढं ऊन आहे’ म्हणणाऱ्या कोकणातल्या दूध उत्पादकाची गाय विदर्भातल्या गाईइतकीच बेजार असते. फरक उपायांत आहे आणि तो पाचव्या टप्प्यात येईल. ३० अंश आणि ६० टक्के म्हणजे आपल्याला चालून जाणारी हवा, पण तिथेही निर्देशांक ८० च्या घरात असतो.

## टप्पा १: आधी जनावर मोजा

कुठलाही बदल करण्याआधी सलग तीन-चार दिवस मोजणी करा. पहाटे दूध काढण्यापूर्वी एकदा, दुपारी तीनच्या सुमारास एकदा आणि संध्याकाळी सात वाजता एकदा. सातची मोजणी सगळे टाळतात, आणि महत्त्वाची तीच. हवा दुपारी तीनला सर्वांत तापलेली असली तरी गाईच्या शरीरातली उष्णता साठत साठत संध्याकाळी उशिरापर्यंत चढत राहते. ऊन उतरलं म्हणून चारला पंखे बंद करणारे इथेच फसतात.

श्वास. भकाळीची, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्याची, हालचाल बघा. एक वर-खाली म्हणजे एक श्वास. पूर्ण मिनिट मोजा. घाईत पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चूकही चौपट होते. मिनिटाला ४० पर्यंत ठीक. ६० च्या वर ताण आहे. ८० च्या वर तोंड उघडू लागतं, लाळ गळू लागते. १२० च्या पुढे गेलं तर बाकीचं बाजूला ठेवा आणि खालचा ‘उष्माघात झालाच तर’ हा भाग उघडा.

ताप. गाईचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. संध्याकाळी १०३ च्या वर जात असेल तर दिवसभराचं गाईनं स्वतः केलेलं सगळं अपुरं पडलंय. थर्मामीटर गुदद्वारात आतल्या त्वचेला टेकलेला हवा. शेणात रुतला तर आकडा खोटा येतो.

वागणं. किती जनावरं उभी आहेत आणि किती बसलेली, ते लिहा. बसल्यावर पोटाखालची बाजू झाकली जाते आणि उष्णता बाहेर पडायची जागा कमी होते, म्हणून तापलेली गाय दमली तरी बसत नाही. एरवी दिवसाचे बारा-एक तास बसणारी गाय उन्हाळाभर उभी राहिली की पाय-खुरांची दुखणी पावसाळ्याच्या तोंडावर दिसू लागतात. तेव्हा दोष चिखलाला दिला जातो. रवंथ थांबलाय का, सगळी एका कोपऱ्यात गोळा झाली आहेत का, पाण्याच्या हौदावर मान टाकून नुसती उभी आहेत का, हेही लिहा.

> थांबून तपासा: गोठ्यातलं एकच जनावर तापलंय आणि बाकीची निवांत आहेत? मग तो हवेचा ताण नाही, आजार आहे. संकरित गाईंमध्ये याच दिवसांत गोचीड ताप येतो. आजाराचा ताप चढत असताना जनावर कधी थरथरतं, कान गार पडतात, ते उन्हातही जाऊन उभं राहतं. उष्णतेनं तापलेलं जनावर सावली सोडत नाही. पहिल्या प्रकारात पाणी मारत बसू नका, डॉक्टर बोलवा.

## टप्पा २: सावली, आणि सावलीचं छत

उन्हात उभ्या जनावरावर कितीही पाणी मारलं तरी सूर्य तेवढी उष्णता पुन्हा भरतो. म्हणून सुरुवात इथून.

वडाची, चिंचेची, कडुनिंबाची सावली पत्र्यापेक्षा सरस. झाड पानांतून पाणी सोडत राहतं, त्यामुळे पान फारसं तापत नाही. पत्रा मात्र दुपारी हात लावू देत नाही आणि ती उष्णता खाली जनावरांच्या पाठीवर फेकतो. पत्र्याचा गोठा असेल तर वरून चुन्याची सफेदी द्या आणि त्यावर उसाचं पाचट किंवा गवताचा जाड थर बांधा. विजेची तार आणि चूल जवळ असेल तिथे पाचट घालू नका.

नवा गोठा बांधत असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन कमी शिरतं. प्रत्येक गाईला छताखाली किमान साडेतीन आणि मोकळ्या आवारात सात चौरस मीटर जागा हवी. म्हशीला चार आणि आठ. छत मध्यभागी बारा-चौदा फूट उंच असावं. सात-आठ फुटांवर टेकवलेला पत्रा हेच आपल्याकडच्या अर्ध्या त्रासाचं मूळ आहे, आणि तो वर उचलणं कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मुक्तसंचार गोठ्यात सावलीचा तुकडा दिवसभर सरकतो. दुपारी दोन वाजता आवारात उभे राहून बघा, सगळी जनावरं सावलीत मावतात का? मावत नसतील तर दांडगी गाय आत आणि गरीब गाय उन्हात, हे ठरलेलं. शेडनेट वाढवा.

## टप्पा ३: वारा मोकळा करा, मग पंखा लावा

आधी अडथळे काढा. वाऱ्याच्या बाजूला रचलेली कडब्याची गंज, चारी बाजूंनी टांगलेली गोणपाटं, थंडीत बांधलेले आणि तसेच राहिलेले ताडपत्रीचे पडदे. गरम झळ येते म्हणून गोठा बंद करणं ही सर्वांत नेहमीची चूक. बंद गोठ्यात जनावरांच्या श्वासाचा आणि मुताचा ओलावा साठतो आणि आत आर्द्रता बाहेरच्यापेक्षा वाढते. झळ फारच असेल तर एकाच बाजूला, जिकडून वारा येतो तिकडे, ओलं गोणपाट लावा आणि समोरची बाजू पूर्ण उघडी ठेवा. तेही फक्त कोरड्या हवेत.

मग पंखे. छताला टांगलेला पंखा बुटक्या पत्र्याखालची गरम हवा खाली ढकलतो, त्यापेक्षा आडवा झोत देणारा पंखा घ्या. त्याचा वारा व्यासाच्या साधारण दहापट अंतरापर्यंत पोचतो, म्हणजे तीन फुटी पंख्याचा तीस फुटांपर्यंत. त्यानुसार अंतर ठरवा. सगळे पंखे एकाच दिशेला, बाहेरच्या वाऱ्याच्या दिशेनंच, थोडे खाली झुकवून लावा. समोरासमोर लावलेले पंखे एकमेकांचा वारा मारतात.

> तपासा: काठीला प्लॅस्टिकची हलकी पट्टी बांधा. ती गाईच्या पाठीच्या उंचीवर धरा, मग बसलेल्या गाईच्या उंचीवर. दोन्हीकडे पट्टी ताणून फडफडली पाहिजे. पाठीवर फडफडते आणि खाली लोंबते? मग ती गाय बसणार नाही. हे जमल्याशिवाय पाचव्या टप्प्याकडे जाऊ नका.

## टप्पा ४: प्यायचं पाणी

दिवसातून दोन-तीनदा पाणी ‘दाखवायची’ पद्धत उन्हाळ्यात सोडाच. दुधाच्या प्रत्येक लिटरमागे तीन-चार लिटर पाणी लागतं आणि गरमीत त्याच्याही वर. दिवसाला शंभर लिटर पिणारी गाय विशेष नाही. पाणी कमी पडलं की ती आधी खाणं कमी करते, मग दूध.

हौद सावलीत हवा. काळ्या टाकीतून उघड्यावरच्या नळीनं येणारं दुपारचं पाणी कधी हातावर घेऊन बघितलंय? गाय ते तोंड लावून सोडते. नळी जमिनीत गाडा किंवा पाचटाखाली झाका, टाकीवर सावली करा. गाय एका दमात मिनिटाला दहा-पंधरा लिटर ओढते आणि दूध काढल्यावर लगेच सगळ्या एकदम येतात. त्या वेळी बारीक नळाचा हौद रिकामा होतो आणि मागची गाय तशीच परत जाते. पाण्याच्या जागा दोन ठेवा, एकमेकींपासून लांब.

हौद रोज घासा. शेवाळ धरलेलं पाणी जनावर पितं, पण पोटभर पीत नाही. वासरांना आणि पारड्यांना दूध मिळतं म्हणून पाणी ठेवलं जात नाही; त्यांनाही ठेवा.

## टप्पा ५: अंगावर पाणी, पण वाळण्यासाठी

गाईला गारवा ओलं होण्यानं फारसा मिळत नाही, वाळण्यानं मिळतो. २५ अंशांचं एक लिटर पाणी अंगावरून ओघळताना ३५ अंशांपर्यंत तापलं तर सुमारे १० किलोकॅलरी उष्णता घेऊन जमिनीवर जातं. तेच लिटर कातडीवरून वाफ होऊन उडालं तर ५८० च्या आसपास घेऊन जातं. म्हणून सतत पाइप धरून उभं राहण्यात पाणी जातं आणि गोठा चिखलतो, एवढंच.

क्रम असा ठेवा:

1. पंखा आधी सुरू करा.
2. मोठ्या थेंबांचा फवारा पाठ, खांदे आणि पुठ्ठ्यांवर सोडा. पाणी केसांतून कातडीपर्यंत पोचायला हवं. बोट घालून बघा.
3. ओघळ कासेकडे पोचायच्या आत पाणी बंद करा. कास आणि सड ओले राहिले की कासदाहाला वाट मिळते.
4. पंखा तसाच चालू ठेवा. केस वाळत आले की पुन्हा फवारा.
5. असं अर्धा-पाऊण तास चालू द्या. दिवसातून चार-पाच वेळा, त्यातली एक पाळी दूध काढण्याआधी आणि एक सूर्यास्तानंतर.

इस्रायलमधल्या दूध फार्मांवर अर्धा मिनिट फवारा आणि साडेचार मिनिटं वारा अशी आवर्तनं चालवतात. आपल्या फवाऱ्यात तेवढा जोर नसेल तर भिजवायला एक-दोन मिनिटं लागतील. घड्याळापेक्षा केस बघा.

आता फॉगर. त्याचे बारीक कण हवेतच उडून हवा गार करतात. विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी उघड्या बाजूंच्या गोठ्यात ते चालतात. कोकणात, मुंबई परिसरातल्या तबेल्यांत, आणि जूननंतर जवळपास सगळीकडे हवेत आधीच इतका ओलावा असतो की ते कण उडत नाहीत. केसांवर पातळ थर होऊन बसतात आणि आतली उष्णता कोंडतात. अशा ठिकाणी फॉगर बंद. मोठे थेंब आणि जोराचा वारा एवढंच कामाचं.

> इशारा: ओलं पोतं पाठीवर टाकून ठेवू नका. थोड्या वेळात ते अंगाइतकंच गरम होतं आणि वाऱ्याला कातडीपर्यंत पोचू देत नाही.

### म्हशींचं वेगळं

म्हशीला गाईपेक्षा घामाच्या ग्रंथी फार कमी, केस विरळ आणि रंग काळा. उन्हात ती झपाट्यानं तापते, पण सावलीत आणि पाण्यात तितक्याच झपाट्यानं उतरते. डुंबणं हा तिच्यासाठी घामाचाच पर्याय आहे. अंगावरचा चिखल ओल धरून ठेवतो आणि माशाही दूर ठेवतो, त्यामुळे दुपारी तो घाईनं धुवून काढू नका. संध्याकाळी दूध काढताना धुवाल तेवढं पुरे.

डुंबायची वेळ अकरा ते चार. दूध काढल्यावर सडांची तोंडं काही काळ उघडी असतात, तेव्हा तासभर तरी तळ्यात सोडू नका. तळं नसेल तर दुपारभरात तीन-चार वेळा पाइपानं पूर्ण भिजवा, सावलीतच. म्हशी उन्हाळ्यात मुका माज दाखवतात, म्हणजे गाभण राहायची वेळ आली तरी खुणा ठळक नसतात. दिवसा काहीच दिसत नाही, म्हणून रात्री उशिरा आणि पहाटे एक फेरी मारावी लागते. उन्हाळ्यात म्हैस लागत नाही म्हणणाऱ्या कित्येकांच्या बाबतीत ती फेरीच मारलेली नसते.

## टप्पा ६: चारा थंड वेळेला

खाल्लेला चारा पोटात आंबतो आणि त्यातून उष्णता निघते. खाल्ल्यावर तीन-चार तासांनी ती जोरात असते. सकाळी दहाला भरपेट कडबा घातला की पोटातली भट्टी आणि बाहेरची दुपार एकाच वेळी पेटते. मोकळं जनावर म्हणूनच दुपारी खात नाही.

पहिला चारा पहाटे पाचला, सहाच्या आत. मोठा वाटा, साधारण दोन तृतीयांश, संध्याकाळी सातनंतर आणि रात्री. दुपारी गव्हाणीत थोडा हिरवा चारा राहू द्या, एवढंच. कडब्याची कुट्टी करा. मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) एकदम काढून ठेवू नका, उन्हात तो तास-दोन तासांत गरम होऊन बिघडतो.

भूक मेली म्हणून चारा कमी आणि खुराक (पेंड, भरडा) जास्त, असं करण्याचा मोह होतो. त्यातून पोटात आम्लता वाढते, आणि तापलेल्या गाईत ती आणखी लवकर वाढते, कारण धापणं आणि लाळ गळणं यातून लाळेबरोबर पोटात जाणारा, आम्लता मारणारा सोडाच बाहेर जात असतो. खायचा सोडा, मीठ आणि खनिज मिश्रण किती द्यायचं ते दूध आणि खुराक बघून पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

## टप्पा ७: रात्र वाया घालवू नका

दिवसभर साठलेली उष्णता बाहेर टाकायची संधी रात्रीच असते. पत्रा आणि काँक्रीट उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, म्हणून शक्य असेल तर जनावरं छताबाहेर, उघड्या आभाळाखाली काढा. डासांसाठी गोठा बंद करून धूर करायची सवय इथे घात करते. जाळी लावा, वारा चालू राहू द्या. पहाटेचं तापमान १०१-१०२ च्या आसपास आलं, तर रात्र कामी आली. पहाटेही श्वास ६० च्या वर असेल तर पहिल्या तीन टप्प्यांत कुठे तरी भोक आहे. परत तिथून बघा.

दुधाचा निकाल त्याच दिवशी मागू नका. कडक दिवसाचा फटका दुधात साधारण दोन दिवसांनी दिसतो, सुधारणाही तशीच उशिरा. श्वास मात्र त्याच दिवशी खरं सांगतो.

देशी जनावरांविषयी एक खुलासा. खिल्लार, देवणी, लाल कंधारी यांचे केस आखूड, आणि दूध कमी म्हणून अंगात तयार होणारी उष्णताही कमी. त्यामुळे ती जास्त सोसतात. सोसतात म्हणून मे महिन्यात दिवसभर उन्हात खुंटीला बांधायची नाहीत.

## उष्माघात झालाच तर

मान लांब ताणलेली, जीभ बाहेर, तोंडाला फेस, चालताना झोकांड्या, ताप १०६ च्या वर. इथे वेळ मोजून आहे.

1. आहे तिथेच सावली करा. लांब चालवत नेऊ नका.
2. डोकं, मान आणि सगळं अंग भरपूर पाण्यानं भिजवा आणि वारा घाला. इथे ओघळ-चिखलाचा विचार करायचा नाही.
3. एकीकडे १९६२ या क्रमांकावर किंवा नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा.
4. बाटलीनं पाणी पाजू नका. धापणाऱ्या जनावराच्या श्वासनलिकेत ते जातं. समोर बादली ठेवा, स्वतः पिऊ द्या.
5. दर दहा मिनिटांनी ताप बघा. १०३ पर्यंत उतरला की पाणी थांबवा, वारा चालू ठेवा. त्यानंतरही तो काही वेळ उतरतच राहतो.

## गोठ्यात काम करणाऱ्या माणसाचं

माणूसही त्याच नियमानं चालतो, फक्त त्याला दावं नसतं आणि तरी तो दुपारी बारा वाजता शेण भरत असतो. जड कामं पहाटे आणि सहानंतर. कोरड्या हवेत डोक्यावर ओलं उपरणं गारवा देतं. दमट हवेत ते नुसतंच ओलं राहतं, तिथे पंख्यासमोर बसणं बरं. तहान लागायच्या आधीपासून पाणी प्या. बोलणं अडखळू लागलं, माणूस भांबावला, तर त्याला सावलीत आडवा करून अंगावर पाणी आणि वारा, आणि १०८ ला फोन.

पहिला पाऊस पडला की लोक पंखे उतरवतात. तापमान घसरतं हे खरं, पण आर्द्रता चढते आणि निर्देशांक बऱ्याच दिवशी ७५ च्या वरच राहतो. फवारे कमी करा, पंखे ठेवा. ऑक्टोबरचं ऊन संपेपर्यंत वहीतली दुपारची आणि सातची मोजणीही चालू ठेवा.